कोमट सुपाची सुनावणी

ज्या खानावळीत एकच पदार्थ मिळतो, तिथला मालक हा जगातला सगळ्यात सुखी माणूस असतो, असं माझं एकतीस वर्षं मत होतं. ही एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचण्यात घालवली. मीटर वाचणारा माणूस दुपारी घरी जेवायला जाऊ शकत नाही. तो ज्या गल्लीत असेल तिथे, जे स्वस्त मिळेल ते, बहुतेक वेळा उभ्याने खातो. त्यामुळे या अफाट शहरातली सगळी एकपदार्थी दुकानं मला पाठ होती. एकजण फक्त उकडलेली अंडी विकायचा. एक बाई फक्त भाजलेले बटाटे द्यायच्या. आणि कापडबाजाराच्या मागे एक म्हातारा फक्त सूप विकायचा. त्याला कोणी विचारलं, ‘आणखी काय आहे?’ की तो मान वर न करता म्हणायचा, ‘बसायला बाकडं आहे.’

या उत्तराचा माझ्यावर फार खोल परिणाम झाला. मला जन्मभर लोकांनी दारातून प्रश्न विचारले होते. बिल एवढं कसं आलं, मागच्या वेळी एवढं नव्हतं, शेजाऱ्यांचं का कमी आहे. मी उत्तरं देत राहिलो. आपणही कधीतरी अशा जागी उभं राहावं जिथे प्रश्नच संपलेला असेल, असं मला वाटायचं. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी घरात जाहीर केलं की मी सुपाचं दुकान काढणार.

‘जन्मभर पाणी मोजलंत, आता पाणीच विकणार म्हणा,’ बायको म्हणाली. ती घरी शिवणाचे वर्ग घेते आणि तिच्या तोंडात नेहमी दोन टाचण्या असतात. त्यामुळे ती थोडंच बोलते आणि ते टोचतं.

‘पाणी नाही. तुझं मसुराचं सूप.’

ती थांबली. तिचं मसुराचं सूप नात्यात प्रसिद्ध होतं. मसूर, टोमॅटो, गाजर, कांदा, मिरी आणि शेवटी लिंबू. आजारी माणसं ते पिऊन उठून बसायची आणि बरी माणसं आजारी असल्याचं सांगून ते प्यायला यायची. तिने टाचण्या काढून उशीला खोचल्या.

‘कृती घ्या. पण मी तिथे पाऊल टाकणार नाही. माझे वर्ग आहेत.’

मला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी वही, मापाच्या खुणांचा जग आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घेऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. ती मीठ टाकायला गेली की मी म्हणायचो, ‘थांब, आधी काट्यावर.’ तिने दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा म्हणाली, ‘तुमचं वजन होईपर्यंत माझा कांदा जळतोय.’ पण चार माणसांची सगळी मापं मला मिळाली. मला साठ माणसांचं सूप करायचं होतं. साठ भागिले चार, पंधरा. प्रत्येक आकड्याला पंधराने गुणलं. यात चुकण्यासारखं काय आहे, हे मला आजही कळलेलं नाही.

जागा मिळाली ती एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची. दहा बाय बारा, पुढे एक दार, कोपऱ्यात एक बेसिन. भिंतीवर घड्याळं टांगायचे एकोणीस खिळे होते. ते उपटले तर गिलावा येईल म्हणून तसेच ठेवले. जागा शोधून दिली माझ्या धाकट्या मेहुण्याने. त्याला घरात सगळे ‘अनुभवी’ म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य ‘माझ्या अनुभवात’ असं सुरू होतं. त्याने आजवर छत्र्यांचा, शाईचा आणि सशांचा धंदा केला होता. तीनही बुडाले, पण अनुभव मात्र त्याने सगळा जपून ठेवला होता.

परवान्याच्या कार्यालयात मी घाबरतच गेलो आणि चकित होऊन बाहेर आलो. खानावळींचे तिथे तीन वर्ग होते. वर्ग क म्हणजे एक पदार्थ. त्याला एक दार आणि एक बेसिन पुरे. वर्ग ख म्हणजे दोन ते पाच पदार्थ. त्याला दोन दारं आणि दोन बेसिनं. वर्ग ग वाचायची मला गरजच पडली नाही. सरकारने आपल्या स्वप्नासाठी स्वतंत्र वर्ग काढून ठेवलेला पाहून मला भरून आलं. मी अर्जात ‘पदार्थांची संख्या’ या रकान्यात ‘१’ लिहिला आणि पुढे, कोणी मागून आकडा वाढवू नये म्हणून, अक्षरी ‘फक्त एक’ असंही लिहिलं. मीटरच्या नोंदवहीची सवय.

पहिल्या दिवशी माझं गणित बरोबर आलं आणि सूप खारट झालं. मोठ्या पातेल्यात पाणी घरच्यासारखं आटत नाही, मसूर तळाला बसतात, आणि मीठ पंधरापट टाकलं तर ते तीसपट लागतं, ही माहिती मला नंतर सगळ्यांनी दिली. सगळ्यांना ती आधीपासून होती. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर पहिलं गिऱ्हाईक होते. त्यांनी दोन चमचे घेतले, पाणी मागितलं, पुन्हा पाणी मागितलं आणि म्हणाले, ‘कल्पना चांगली आहे.’

‘बटाटे टाका,’ अनुभवी म्हणाला. ‘माझ्या अनुभवात बटाटा मीठ ओढून घेतो.’

बटाटे टाकले. बटाट्यांनी मीठ ओढलं की नाही कोण जाणे, पण विरघळून सूप दाट झालं. दाट झालं म्हणून हेडमास्तरांनी पाणी घालायला सांगितलं. पाणी घातल्यावर फिकं झालं म्हणून जागेच्या मालकीणबाईंनी वरच्या खिडकीतून टोमॅटो सुचवले. आंबट झालं. संध्याकाळी मी डब्यातून थोडं घरी नेलं. बायकोने झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं आणि वर्गातल्या पोरींसाठी फ्रॉकची कॉलर कापायला घेतली.

दोन आठवडे असेच गेले. मी रोज चुकीचं सूप करत होतो, फक्त चूक रोज वेगळी होती. येणारे फारसे नव्हते. कोणी डोकावून विचारायचं, ‘आणखी काय आहे?’ आणि ज्या क्षणासाठी मी एकतीस वर्षं थांबलो होतो तो क्षण समोर आला की माझ्या तोंडून निघायचं, ‘सध्या एवढंच आहे हो, पण बघा ना घेऊन.’ म्हाताऱ्याची ती मान वर न करण्याची कला वेगळीच असावी.

माझं नशीब उघडलं ते शेजारच्या भिंतीमुळे. त्या भिंतीच्या पलीकडे दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तरुण माणूस, उत्साही. एके दिवशी ते स्वतः आले, एक वाडगा प्यायले आणि विचार करत म्हणाले, ‘काका, यात चावायचं काही नाही.’

मला वाटलं तक्रार आहे. मी म्हटलं, ‘सूप आहे डॉक्टर.’

‘तेच म्हणतोय. माझ्या पेशंटना दात काढल्यावर दिवसभर काही चावता येत नाही. मी त्यांना इकडे पाठवतो. फक्त गरम नको. कोमट करा. आणि मिरी काढा, ती झोंबते.’

दुसऱ्या दिवसापासून माझं दुकान भरलं. कसं भरलं ते सांगायला हवं. बाकड्यांवर ओळीने सात-आठ माणसं, प्रत्येकाचा एक गाल सुजलेला, गालात कापसाचा बोळा, आणि एकही शब्द नाही. कोणी डोळे मिटून बसलेलं, कोणी ओठाचा कोपरा पुसतंय. चमचा तोंडाशी नेताना सगळे एकाच बाजूने नेत. रस्त्यावरून जाणारी भली माणसं दारातून आत बघायची, गिऱ्हाइकांची अवस्था बघायची, मग पाटीवरचा ‘सूप’ हा शब्द वाचायची आणि पावलं उचलायची. माझ्या सुपाने माणसांचं असं होतं, असा गावभर समज व्हायला चार दिवस पुरले.

पण मला तक्रार नव्हती. साठ वाडगे जात होते. मी दोन पातेली केली. मोठ्यात मिरी घातलेलं गरम सूप, लहानात बिनमिरीचं कोमट. मोठ्या पातेल्याला फार मागणी नव्हती, पण ते माझ्या तत्त्वाचं पातेलं होतं, म्हणून मी ते रोज चढवत असे.

तपासनीस आला तो मंगळवारी, सकाळी साडेअकराला. सडपातळ, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्याने बेसिन मोजलं, दार मोजलं, एकोणीस खिळे मोजून लिहून घेतले. मग दोन्ही पातेल्यांची झाकणं उघडली.

‘हे काय?’

‘सूप.’

‘आणि हे?’

‘तेच सूप. कोमट.’

‘म्हणजे दोन पदार्थ.’

‘नाही हो साहेब. एकच. हे थोडा वेळ ठेवलं की ते होतं.’

तपासनिसाला हा युक्तिवाद आवडला नाही, पण तो प्रामाणिक माणूस होता. त्याने गरम सुपाचा एक वाडगा भरून समोर ठेवायला सांगितला, पिशवीतून तापमापक काढला, सुपात उभा केला आणि घड्याळ काढून बसला. आम्ही दोघं त्या वाडग्याकडे बघत बसलो. बाकड्यावरचे गाल सुजलेले लोकही बघत होते. सात मिनिटं झाली. नऊ झाली. बाराव्या मिनिटाला त्याने कोमट सुपात तापमापक घातला, पुन्हा पहिल्यात घातला आणि म्हणाला, ‘तापमान सारखं झालं.’

‘बघा,’ मी म्हटलं.

‘पण अकरा मिनिटं ते वेगळं होतं.’ त्याने लिहून घेतलं. ‘त्या अकरा मिनिटांत तुम्ही वर्ग ख मध्ये होतात. वर्ग ख ला दोन दारं लागतात, दोन बेसिनं लागतात. महिन्याच्या आत करा, नाहीतर परवाना रद्द होईल. सुनावणीची तारीख पत्राने कळवतील.’

जाताना त्याने थंड झालेला वाडगा पुढे सरकवला आणि म्हणाला, ‘याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या नोंदीत हा आता नमुना आहे.’

मी दुकान बंद करून घरी आलो. खरं सांगतो, मला रडू येईलसं वाटलं. परवाना गेला तर लोक काय म्हणतील याची यादी मी मनात केली, आणि यादीत सगळ्यात वर हेडमास्तरांचं ‘कल्पना चांगली होती’ हे वाक्य होतं. बायकोने तपासनिसाची गोष्ट ऐकली आणि एवढंच विचारलं, ‘माझ्या सुपातली मिरी कोणी काढली?’

अनुभवी मात्र उत्साहात होता. ‘दार ना? शेजारच्या भिंतीत पाडू. पलीकडे डॉक्टरांची खोली. ते काही नाही म्हणणार नाहीत. माझ्या अनुभवात दार आधी पाडावं, परवानगी मग घ्यावी. पाडलेलं दार पाहून कोणी भिंत बांधा म्हणत नाही.’

डॉक्टर खरोखरच नाही म्हणाले नाहीत. उलट त्यांना आनंद झाला. पेशंटला रस्त्यावर न आणता थेट सुपाकडे नेता येईल, असं ते म्हणाले. अनुभवीने आपल्या ओळखीचा गवंडी आणला. गवंडी छातीच्या उंचीवरून सुरुवात करून खाली येणार होता. एक वीट निघाली, दुसरी निघाली, हातभर रुंद भोक पडलं. त्यातून दवाखान्यातली एक बाई आमच्याकडे बघत होती. मग गवंड्याने छिन्नी खाली वळवली आणि पाण्याचा नळ फोडला.

एकतीस वर्षं मी या शहरात पाण्याच्या नळांच्या मागे हिंडलो. कुठल्या भिंतीत नळ कुठून जातो हे मी डोळे मिटून सांगू शकतो, अशी माझी ख्याती होती. आमच्या खात्याची गाडी आली तेव्हा तिच्यातून उतरलेल्या दोघांनी मला ओळखलं. एकजण गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणाला, ‘साहेब, तुम्ही असताना?’

मी गवंड्याकडे बोट दाखवलं. गवंड्याने अनुभवीकडे. अनुभवी भोकातून पलीकडे बघत होता, जणू काही तो दवाखान्यातच बसलेला आहे.

नळ दुरुस्त झाला, पण खात्याने लेखी ताकीद दिली की भिंतीला आता एक बोटही लावायचं नाही. म्हणजे दार नाही आणि भिंतही नाही. छातीच्या उंचीवर एक हातभर भोक. डॉक्टरांनी मात्र त्याचा लगेच उपयोग करून घेतला. पेशंट खुर्चीवरून उठला की तो रस्त्यावर यायचा नाहीच. भोकातून एक हात यायचा आणि चिठ्ठी द्यायचा, ‘कोमट एक’. मी भोकातून वाडगा द्यायचो. त्यामुळे बाकडी मोकळी झाली आणि रस्त्यावरची चांगली माणसं पुन्हा आत यायला लागली. आगीतून फुफाट्यात पडलेला माणूस फुफाट्यात थोडा वेळ आरामात बसला, असं म्हणता येईल.

सुनावणीचं पत्र आलं. ‘सकाळी अकरा वाजता, संबंधित पदार्थ दोन्ही अवस्थांमध्ये घेऊन उपस्थित राहावे.’ मी एका डब्यात उकळतं सूप घेतलं, दुसऱ्यात कोमट. दोन्ही डबे टॉवेलात गुंडाळले आणि अनुभवीबरोबर बसने निघालो. बसमध्ये उकळता डबा मांडीवर धरून बसणं ही काही सोपी गोष्ट नाही. शेजारचा माणूस तीन वेळा सरकला आणि शेवटी उठून उभा राहिला.

अकराची सुनावणी साडेतीनला पुकारली. मधल्या साडेचार तासांत आम्ही लाकडी बाकावर बसलो होतो आणि मी दर अर्ध्या तासाने डब्याला हात लावून बघत होतो. माझी गरम अवस्था माझ्या डोळ्यांदेखत गेली.

समोर मोठ्या अधिकारी बाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, समोर फायलींचा डोंगर. तपासनीस शेजारी उभा होता. डबे उघडले. बाईंनी एकाला बोट लावलं, दुसऱ्याला लावलं.

‘दोन्ही गार आहेत.’

‘हो बाई,’ तपासनीस म्हणाला. ‘ही तिसरी अवस्था. नोंद करू का?’

‘थांबा जरा.’ बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. चमचा आहे का?’

चमचा होता. त्यांनी पहिल्या डब्यातून एक घोट घेतला. दुसऱ्या डब्यातून घेतला. मग विचारलं, ‘यात मिरी नाही का?’

मी सरकारी नोकर होतो. अधिकाऱ्याने प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायची मला सवय. ‘मिरी त्या पहिल्या डब्यात आहे बाई,’ मी म्हटलं.

तपासनिसाचं पेन चाललं. अनुभवीने डोळे मिटले. मला माझं वाक्य हवेत लटकलेलं दिसत होतं, पण ते परत घेता येत नव्हतं. थंड-गरमचा वाद मी कदाचित जिंकलो असतो. मिरीने मला बुडवलं. दोन डबे, दोन कृती, दोन पदार्थ, आणि कबुली माझ्याच तोंडून.

‘म्हणजे वर्ग ख,’ बाई म्हणाल्या. ‘दुसरं दार आहे का?’

‘नाही. भोक आहे.’

‘कसलं भोक?’

मी सगळं सांगितलं. गवंडी, नळ, खात्याची ताकीद, डॉक्टर, चिठ्ठ्या. बाई ऐकता ऐकता मिरीच्या डब्यातून खात होत्या. मग त्यांनी नियमांचं पुस्तक मागितलं, चष्मा खाली घेतला आणि बोट फिरवत वाचलं. ‘दार म्हणजे, ज्यातून माणसांची किंवा मालाची ये-जा होते असा भिंतीतला मार्ग.’ त्यांनी वर पाहिलं. ‘भोकातून वाडगा जातो?’

‘जातो.’

‘रिकामा परत येतो?’

‘येतो.’

‘मग मालाची ये-जा झाली. दुसरं बेसिन?’

‘डॉक्टरांच्या खुर्चीला आहे, चूळ भरायचं,’ अनुभवी म्हणाला. त्या दिवशी तो बोललेलं हे एकच वाक्य, आणि ते नेमकं उपयोगी पडलं.

‘भोकापासून किती अंतर?’

‘सात फूट,’ मी म्हटलं.

‘बाई,’ तपासनीस हळू म्हणाला, ‘उंची बघता ते दार धरता येईल का?’

‘नियमात उंची लिहिलेली नाही. नियम वाचायचा असतो. तुम्ही तो आठवून येता.’ त्यांनी शिक्का मारला. ‘वर्ग ख मंजूर. अट एकच. धंद्याच्या वेळेत भोक उघडं राहिलं पाहिजे.’

डबा रिकामा करून त्यांनी तो माझ्याकडे दिला. बाहेर आल्यावर अनुभवीने मला मिठी मारली. मी परवाना उघडून पाहिला. ‘पदार्थांची संख्या: २ (अक्षरी दोन).’ दुकान वाचलं होतं. पण ‘फक्त एक’ हे दोन शब्द ज्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिले होते, त्याला त्या कागदाकडे बघून पुरतं हसता येईना.

बायको आली ती त्यानंतरच्या शनिवारी. ‘इकडे दोरा घ्यायला आले होते,’ ती म्हणाली. या गल्लीत दोऱ्याचं दुकान नाही. तिने परवाना वाचला, खिळे पाहिले, भोकातून पलीकडे पाहिलं. मग बाकड्यावर बसली आणि म्हणाली, ‘द्या.’

मी गरम दिलं. तिने एक चमचा घेतला. ‘हे माझं नाही.’ मी कोमट दिलं. ‘हेही नाही.’

‘लोकांनी सल्ले दिले,’ मी म्हटलं. ‘थोडं थोडं बदलत गेलं.’

‘मग माझं नाव सांगत जाऊ नका.’

तिचा आवाज नेहमीचाच होता, त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. तेवढ्यात भोकातून एक सुरकुतलेला हात आला. मघाशी त्या हाताला मी कोमट वाडगा दिला होता. आता रिकामा वाडगा परत आला आणि त्यात घडी केलेली चिठ्ठी. एका आजीबाईंची दाढ सकाळीच काढली होती. बायकोने माझ्याआधी चिठ्ठी उचलली, वाचली आणि मला दिली.

‘चव लागत नाही. उद्या परत येते.’

‘इंजेक्शन दिलेलं असतं,’ मी म्हटलं. ‘तोंड बधिर असतं. चव लागणारच नाही.’

‘असेल.’

‘असेल म्हणजे काय? तसंच आहे.’

‘मी कुठे नाही म्हणतेय,’ बायको म्हणाली आणि चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

दुसऱ्या दिवशी रविवार, शिवणाचा वर्ग नव्हता. बायको पुन्हा दोरा घ्यायला आली. मी पहाटे उठून सूप जपून केलं होतं. कोणाचा सल्ला घेतला नाही. दहा वाजता आजीबाई पुढच्या दाराने आल्या. सूज उतरली होती. बोळा नव्हता. ताठ बसून त्यांनी गरम वाडगा मागितला. मी दिला आणि पातेल्यात उगाच डाव फिरवत राहिलो. बायको खिळ्यांकडे बघत होती.

आजीबाईंनी पहिला चमचा घेतला. तोंडात घोळवला. गिळला. दुसरा घेतला. मग चमचा खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

‘काल बरं होतं,’ त्या म्हणाल्या.

बायको हसायला लागली. आधी आवाज न करता, मग पदर तोंडाला लावून, मग तो पदर पुरेना. तिला असं हसताना मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. आजीबाईही गाल धरून हसल्या, कारण त्यांना अजून थोडं दुखत होतं. माझा अपमान झाला होता, पण तो साजरा करायला दुकानात कोणी मोकळं नव्हतं.

मग बायको उठली. हातातली पिशवी खिळ्याला अडकवली, बाह्या वर केल्या आणि पातेल्यापाशी आली.

‘सरका जरा,’ ती म्हणाली.

मी सरकलो. दहा बाय बाराच्या जागेत शेगडीपाशी दोघांना उभं राहायचं तर एकाला हात कुठेतरी ठेवावाच लागतो. मी तो भोकात ठेवला. पलीकडून कोणीतरी माझ्या तळव्यावर चिठ्ठी ठेवली आणि बोटं मिटवून दिली.